दप्तराची किल्ली कोणाच्या हाती? सामायिक फोल्डरांच्या परवानग्यांची तपासणी

(मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख व कार्यालयीन लिपिक यांच्या उद्बोधन वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या कारभारात कपाटाच्या किल्लीला मोठा मान आहे. मुख्याध्यापकाची बदली झाली म्हणजे कार्यभाराची यादी तयार होते. जनरल रजिस्टर, हजेरीपत्रके, दाखल्यांचे पुस्तक, जडवस्तूंची नोंदवही, शाळेचा शिक्का अशी एकेक वस्तू मोजून नव्या मुख्याध्यापकाच्या स्वाधीन केली जाते आणि अखेरीस किल्ली त्याच्या हाती पडते. यादीवर दोघांच्या सह्या होतात. त्या घटकेपासून जाणाऱ्याचा त्या कपाटावरील अधिकार संपतो आणि येणाऱ्याची जबाबदारी सुरू होते.

हेच दप्तर संगणकावर गेले म्हणजे किल्ली दिसेनाशी होते. कार्यालयातील एका मोठ्या संगणकावर, ज्यास फाईल सर्व्हर म्हणतात, सर्वांच्या उपयोगाची कागदपत्रे फोल्डरांत मांडून ठेवलेली असतात आणि निरनिराळ्या टेबलांवरील संगणकांतून ती उघडता येतात. कोणी कोणते फोल्डर उघडावे, कोणी त्यात लिहावे, हे परवानग्यांनी ठरते. परवानगी द्यावयास अर्धा मिनिट पुरतो. परंतु ज्यास ती दिली तो दुसऱ्या तालुक्यात गेला, सेवानिवृत्त झाला किंवा त्याचे टेबल बदलले, तरी ती परत मागण्याचे कोणास सुचत नाही. कारण ती हाताला लागणारी वस्तू नव्हे. म्हणून कार्यभाराच्या यादीत तिची नोंद व्हावी, आणि कोणाच्या हाती कोणती किल्ली आहे हे ठराविक काळाने प्रत्यक्ष वाचून पाहावे, एवढेच आजच्या विवेचनाचे सार आहे.

दप्तराचे मोल

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून वेगळा झाला आणि जिल्हा परिषदा १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या. येथील कित्येक प्राथमिक शाळा या दोन्ही तारखांहून जुन्या असून त्यांची जनरल रजिस्टरेही तितकीच जुनी आहेत. मालवणच्या किनारपट्टीवर कागदाला शत्रू पुष्कळ. समुद्रावरचा खारा वारा, चार महिन्यांचा पाऊस, भिंतीतून चढणारी ओल आणि वाळवी यांनी रजिस्टरांच्या कडा झिजतात, शाई फिकी पडते. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने या किनाऱ्याला किती झोडपले, हे येथल्या माणसांना सांगावयास नको. तेव्हा जुन्या रजिस्टरांच्या प्रतिमा काढून त्या संगणकावर ठेवणे हे शहाणपणाचेच काम आहे.

मात्र या प्रतिमा कोणत्या कामी येतात याचा विचार करावा. जातीच्या दाव्याच्या पडताळणीत जुन्या शालेय नोंदीस पुरावा म्हणून फार किंमत असते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक मानले जातात, आणि त्यापूर्वीच्या नोंदी शोधण्यासाठी लोक आजोबांच्या शाळेपर्यंत येतात. एखाद्या मुलीचे महाविद्यालयातील प्रवेशपत्र तिच्या पणजोबांच्या नावापुढील एका शब्दावर अवलंबून असू शकते.

कागदी रजिस्टरात नाव, जात किंवा जन्मतारीख सक्षम अधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय बदलता येत नाही. कोणी खाडाखोड केलीच तर कागद ती बोलून दाखवतो: शाई निराळी दिसते, कागद खरवडलेला दिसतो. संगणकावरील तक्त्यात तारीख बदलली तर तेथे शाईचा डाग उमटत नाही. ज्याच्या हाती लिहिण्याची परवानगी आहे त्याच्या बोटाच्या एका चुकीने, दुष्ट हेतू नसतानाही, खरी नोंद नाहीशी होऊन खोटी तिच्या जागी बसते.

दुसरी बाजू गोपनीयतेची. सामायिक फोल्डरांत शिष्यवृत्तीच्या याद्यांबरोबर पालकांचे बँक खाते क्रमांक असतात, दिव्यांग विद्यार्थ्यांची वैद्यकीय प्रमाणपत्रे असतात, शिक्षकांचे गोपनीय अहवाल असतात, परीक्षेपूर्वी प्रश्नपत्रिकाही असतात. खेड्यात सर्वजण एकमेकांस ओळखतात. मोठ्या शहरात एखाद्या मुलाच्या आजाराचे नाव फुटले तर ते गर्दीत हरवेल. वाडीवर ते त्या मुलाच्या आधी शाळेत पोचते. २०२३ साली संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक मानली असून, माहिती बाळगणाऱ्याने तिच्या रक्षणाची वाजवी तजवीज करावी असे सांगितले आहे. परंतु कायद्याच्या आधी पालकांचा विश्वास येतो. त्यांनी ती माहिती शाळेला दिली आहे, साऱ्या कार्यालयाला दिलेली नाही.

परवानगीचे स्वरूप

प्रत्येक फोल्डराबरोबर संगणक एक यादी बाळगतो. तीत ओळी असतात आणि प्रत्येक ओळ सांगते की अमुक व्यक्तीस किंवा गटास अमुक करण्याची मुभा आहे, अथवा मनाई आहे. ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेच्या सहभागाने तयार झालेल्या मल्टिक्स या प्रणालीत अशा याद्या होत्या. १९७५ साली जेरोम साल्ट्झर व मायकेल श्रोडर या अभ्यासकांनी संगणकातील माहितीच्या रक्षणाची जी सूत्रे मांडली, त्यांत एक असे की प्रत्येकास त्याचे काम होण्यापुरताच, किमान अधिकार असावा. रापण ओढावयास अनेक हात लागतात, म्हणून मासळीचे वाटे घालावयास सर्वांनीच बसावे असे होत नाही.

विंडोज प्रणालीत या अधिकारांच्या पायऱ्या आहेत. ‘रीड’ म्हणजे केवळ वाचणे. ‘राइट’ म्हणजे नवे लिहिणे. ‘मॉडिफाय’ म्हणजे बदलणे आणि खोडूनही टाकणे. ‘फुल कंट्रोल’ म्हणजे या सर्वांबरोबर इतरांच्या परवानग्या बदलण्याचाही अधिकार. बहुतेक कार्यालयांत घोळ होतो तो येथेच. एखाद्याचे काम अडले की घाईत ‘एव्हरीवन’, म्हणजे सर्वजण, या नावापुढे ‘फुल कंट्रोल’ची खूण केली जाते. काम चालू होते आणि ती खूण तशीच राहते. फोल्डरावर ‘गोपनीय’ असे नाव आणि आत सर्वांस मुक्तद्वार, म्हणजे नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

लिहिण्याच्या परवानगीस आणखी एक धोका जोडलेला आहे. खंडणीखोर विषाणू एखाद्या संगणकात शिरला की त्या संगणकावर बसलेल्या माणसाच्या खात्यास जेथे जेथे लिहिण्याचा अधिकार असेल, तेथील फाइलींना तो कुलूप घालू शकतो. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या विषाणूने जगभर धुमाकूळ घातला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पाच सर्व्हर अशा हल्ल्यात सापडले आणि रुग्णनोंदणीचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. तेथे संगणकांच्या जाळ्याची योग्य विभागणी नव्हती, असे नंतर संसदेत सांगण्यात आले. खोल्यांमध्ये भिंती नसल्या की एका खोलीतील आग घरभर पसरते. परवानग्यांची मर्यादा हीदेखील एक भिंतच आहे.

हाताने का नव्हे

फोल्डरावर उंदराचे उजवे बटण दाबून त्याची परवानग्यांची यादी पाहता येते. दहा फोल्डर असतील तर तसे पाहावे. परंतु एका तालुक्याच्या शिक्षण विभागात शाळानिहाय, वर्षनिहाय आणि विषयनिहाय फोल्डर धरले तर संख्या हजारांत जाते. माणूस पन्नासाव्या फोल्डराला कंटाळतो आणि शंभराव्याला पाहिल्याची खोटी खूण करतो. यंत्राला कंटाळा नाही. म्हणून हे काम स्क्रिप्टकडे द्यावे. स्क्रिप्ट म्हणजे क्रमाने लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी. संगणक ती वरून खाली वाचतो व पाळतो.

विंडोज संगणकात पॉवरशेल नावाचे साधन सोबतच येते. त्यातील तीन आज्ञा येथे पुरेशा आहेत. त्या रोमन लिपीत टंकाव्या लागतात; येथे उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. ‘गेट-चाइल्डआयटम’ ही आज्ञा ‘रिकर्स’ व ‘डिरेक्टरी’ या जोडशब्दांसह दिली म्हणजे एका मुख्य फोल्डराच्या पोटातील सर्व फोल्डर, कितीही खोल असले तरी, एकामागून एक पुढे येतात. ‘गेट-एसीएल’ ही आज्ञा त्या प्रत्येकाची परवानग्यांची यादी वाचते. ‘एक्स्पोर्ट-सीएसव्ही’ ही आज्ञा वाचलेले सर्व एका तक्त्यात उतरवते. तक्त्यात सहा रकाने असावेत: फोल्डरचा मार्ग, त्याचा मालक, परवानगी कोणास, कोणता अधिकार, मुभा की मनाई, आणि ती परवानगी वरच्या फोल्डराकडून वारशाने आली की तेथेच दिलेली आहे.

शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी आहे. साधारणपणे आतील फोल्डर वरच्याच परवानग्या वारशाने घेतात. त्या वगळून केवळ तेथेच दिलेल्या परवानग्यांच्या ओळी निवडल्या की लांबलचक तक्ता मोजक्या पानांवर येतो, आणि जेथे कोणी तरी केव्हा तरी नियमाला अपवाद केला ती जागा नेमकी दिसते.

या तीनही आज्ञा फोल्डरांच्या परवानग्या केवळ वाचतात, काहीही बदलत नाहीत. तपासणीच्या स्क्रिप्टने तसेच असावे. तपासनिसाने शाळेत जाऊन रजिस्टर पाहावे, स्वतःच्या हाताने त्यात दुरुस्ती करू नये, हा नियम येथेही पाळावा.

फसव्या जागा

स्क्रिप्टचा अहवाल हाती आला म्हणजे काम झाले असे समजू नये. काही ठिकाणी तो अर्धेच सत्य सांगतो.

पहिली गोष्ट, सामायिक फोल्डराला दोन दारे असतात. एक दार जाळ्यावरून येणाऱ्यांसाठी, म्हणजे ‘शेअर’ची परवानगी, दुसरे फोल्डराची स्वतःची परवानगी. दुसऱ्या संगणकावरून येणाऱ्यास दोन्ही दारांतून जावे लागते आणि त्यांपैकी जे अरुंद असेल तेच त्याची मर्यादा ठरवते. सर्व्हरवरच बसलेल्यास मात्र पहिले दार लागत नाही. ‘गेट-एसीएल’ने दुसरे दार दिसते, पहिल्यासाठी ‘गेट-एसएमबीशेअरॲक्सेस’ ही निराळी आज्ञा द्यावी.

दुसरी गोष्ट गटांची. अहवालात ‘शिक्षण विभाग’ असे गटाचे नाव येते आणि वाचणारा समाधान पावतो. त्या गटात आज कोण आहेत हे त्या ओळीवरून कळत नाही. गटात गट असतात. म्हणून प्रत्येक गटाची सभासदयादी काढून ती आस्थापनेच्या चालू यादीशी ताडून पाहावी. बदलून गेलेल्यांची नावे बहुधा येथेच सापडतात.

तिसरी, ज्या ओळीत माणसाच्या नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ असा आरंभ असलेला लांब आकडा दिसतो, तेथे बहुधा ज्याचे खाते केव्हाच काढून टाकले आहे अशा कोणाची परवानगी शिल्लक असते. जुन्या घराच्या किल्लीसारखी ती निरुपयोगी दिसते. तरी ती काढून यादी स्वच्छ ठेवावी.

चौथी, मनाई ही मुभेपेक्षा नेहमीच बलवान असते अशी समजूत आहे. विंडोजमध्ये त्याच फोल्डरावर थेट दिलेली मुभा ही वरून वारशाने आलेल्या मनाईवर मात करते. म्हणून वर मनाई लिहिली एवढ्यावर विसंबू नये.

पाचवी, एकाच डिस्कवर एका जागेहून दुसऱ्या जागी हलविलेले फोल्डर बहुधा जुन्या परवानग्या बरोबर घेऊन येते. प्रत केलेले फोल्डर नव्या जागेच्या परवानग्या घेते. ‘सामान्य पत्रव्यवहार’मधून ‘सेवापुस्तके’मध्ये ओढून आणलेले फोल्डर आतून सर्वांना उघडे राहिले, असे यामुळेच घडते.

सहावी, फोल्डरचा मालक स्वतः परवानग्या बदलू शकतो. मालकाचा रकाना यासाठीच ठेवावयाचा.

सातवी, स्क्रिप्टला काही फोल्डर उघडता येत नाहीत, काहींचा मार्ग फार लांब असल्याने जुन्या साधनांना तो वाचता येत नाही. अशा अडचणी वेगळ्या यादीत उतरवाव्यात. न वाचलेले फोल्डर निर्दोष असे धरणे म्हणजे गैरहजर मुलास उत्तीर्ण करणे होय. मुख्य फोल्डर स्वतः या आज्ञेत येत नाही, लपविलेले फोल्डरही येत नाहीत. पहिल्याची नोंद निराळी घ्यावी आणि दुसऱ्यांसाठी आज्ञेस ‘फोर्स’ हा जोडशब्द लावावा. जनरल रजिस्टरासारख्या मौल्यवान फोल्डरांत प्रत्येक फाइलीची परवानगीही वाचावी, कारण फाइलीवर निराळी परवानगी असू शकते.

आठवी गोष्ट मराठी कार्यालयांना विशेष लागू पडते. विंडोजबरोबर येणाऱ्या जुन्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे आवृत्ती ५.१ पर्यंत, तक्ता उतरविताना लिपीचा प्रकार सांगितला नाही तर देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ‘दिव्यांग विद्यार्थी’ आणि ‘प्रश्नपत्रिका’ ही दोन्ही नावे नुसती प्रश्नचिन्हे होऊन बसली की अहवाल वाचता येत नाही. आज्ञेत ‘एन्कोडिंग यूटीएफ-८’ असे लिहिले की अक्षरे शाबूत राहतात. मराठी नावे टाळण्याचे यात काहीच कारण नाही.

लिनक्स सर्व्हर असल्यास ‘गेटफॅकल’ ही आज्ञा हेच काम करते. जेथे सर्व्हर नसून इंटरनेटवरील ड्राइव्ह वापरली जाते, तेथे ‘दुवा असलेल्या कोणासही’ अशी परवानगी कोणत्या फोल्डरांवर आहे हे प्रथम शोधावे.

तुलना आणि दुरुस्ती

काय आहे हे स्क्रिप्ट सांगते. काय असावे हे माणसालाच ठरवावे लागते. समजा, मालवण किनाऱ्यावरील एखाद्या केंद्राच्या शाळांचे अभिलेख तालुक्याच्या सर्व्हरवर आहेत. तपासणीपूर्वी एका कागदावर चार रकान्यांची नोंद करावी: फोल्डर, वाचणारे, लिहिणारे, कारण. जुन्या रजिस्टरांच्या प्रतिमा संबंधित मुख्याध्यापक व अभिलेखपाल यांनी वाचाव्यात; त्या एकदा जमा झाल्यावर लिहिण्याचा अधिकार कोणासच नसावा, अपवाद फक्त आदेशाने. दिव्यांग विद्यार्थ्यांची प्रमाणपत्रे विषयतज्ज्ञ व संबंधित लिपिक यांनीच पाहावीत. प्रश्नपत्रिका परीक्षा होईपर्यंत दोनच हातांत असाव्यात. ‘कारण’ हा रकाना ज्याच्यापुढे रिकामा राहील त्याची परवानगी काढून घ्यावी. त्यात त्याचा अपमान नाही. ज्याच्याकडे किल्लीच नाही, त्याच्यावर उद्या संशयही येत नाही.

कार्यालयात सहा गठ्ठे पद्धतीने कागद लावण्याची शिस्त परिचयाची आहे. कोणता कागद कोठे राहील हे ती शिकवते. तो कागद कोणाच्या हातात जाईल, ही तिच्या पुढची पायरी समजावी.

पुढील क्रम पाळणे सोयीचे होईल:

१. तपासणी लेखी आदेशाने, सर्व्हर सांभाळणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडूनच व्हावी. स्क्रिप्ट प्रथम एकाच फोल्डरावर चालवून तिचे उत्तर हाताने पडताळून घ्यावे.

२. वर्षातून दोन वेळा तपासणी व्हावी: बदल्यांनंतर शाळा सुरू झाल्यावर जूनअखेर, आणि दुसऱ्यांदा डिसेंबरात.

३. अहवालावर दिनांक घालून तो जपून ठेवावा व मागील अहवालाशी ताडावा. दोन तक्त्यांतील फरक ‘कम्पेअर-ऑब्जेक्ट’ ही आज्ञा काढून देते. कोणते कपाट उघडे आहे हे सांगणारा हा अहवालही गोपनीयच समजावा.

४. दुरुस्ती माणसाने, सक्षम अधिकाऱ्याच्या सहीनंतर, एकेक ओळ पाहून करावी. गटातून नाव काढल्यावर त्या व्यक्तीने संगणकातून बाहेर पडून पुन्हा प्रवेश करेपर्यंत जुना अधिकार चालू राहू शकतो, हे लक्षात ठेवावे.

५. कार्यभाराच्या यादीत एक ओळ वाढवावी: ‘संगणकावरील सामायिक फोल्डरांच्या परवानग्या परत घेतल्या व नवीन दिल्या’. त्या ओळीपुढेही दोघांच्या सह्या व्हाव्यात.

यांपैकी पाचवी गोष्ट करावयास ना सर्व्हर लागतो ना स्क्रिप्ट. एका शाळेतील एकच संगणक असला तरी ती उद्यापासून सुरू करता येते. तंत्रज्ञ पंचायत समितीत एखादाच असेल. जबाबदार मुख्याध्यापक मात्र प्रत्येक शाळेत आहे. फोल्डर कोणी वाचावे आणि कोणी त्यात लिहावे हा प्रश्न त्याने विचारला, म्हणजे स्क्रिप्टला उत्तर शोधावयास दिशा मिळते.

बंधुभगिनींनो, जुन्या शिक्षकांनी बोरूने आणि टाकाने लिहिलेली रजिस्टरे ओल, वाळवी आणि वादळ सोसून आजपर्यंत टिकली, याचे कारण कोणी तरी ती कुलपात ठेवली आणि किल्ली योग्य हाती दिली. त्यांतील मुले आज हयात नसतील. त्यांची नातवंडे व पणतवंडे मात्र आजही दाखल्यासाठी शाळेच्या दारात येतात. त्यांना मिळणारी नोंद पूर्वी लिहिली तशीच असावी, आणि आज वर्गात बसलेल्या मुलांची माहिती ज्याच्या कामाची आहे त्याच्याच नजरेस पडावी. येत्या जूनमध्ये बदल्यांच्या याद्या लागतील, तेव्हा प्रत्येक कार्यालयाने पहिला अहवाल काढून आपल्या वरिष्ठांपुढे ठेवावा, ही विनंती.